अहवालातली दुसरी ओळ

आमच्या मामूंना जुम्म्याला पहिली सफच लागते. थोडा उशीर झाला की ते घरात चिडचिड करतात. लोकांना वाटतं, सवाबासाठी. तेही असेलच, पण मागे बसलं की त्यांना खुतबा ऐकू येत नाही. २०१४ साली टीबीच्या इंजेक्शनांनी त्यांचे दोन्ही कान मंद झाले.

मामू तेव्हा खोपोलीतून टेम्पो चालवायचे. माल घेऊन आठवड्यातून तीन वेळा मुंबईला जायचे. खोकला लागला, वजन उतरलं, तेव्हा एका खासगी डॉक्टरांनी एक्स-रे काढला, थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि नेहमीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू केल्या. मामूंनी एक गोळी चुकवली नाही. मुमानी समोर उभी राहून गिळायला लावायची. तरी चौथ्या महिन्यात ताप तसाच होता. मग नमुना कल्चरला गेला. जंतू वाढवून त्यावर औषधं लावून पाहायची ही जुनी पद्धत. टीबीचा जंतू फार हळू वाढतो, म्हणून ती आठवडेच्या आठवडे घेते. उत्तर आलं ते असं की, सुरू असलेल्या औषधांपैकी मुख्य दोन, रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड, त्यांच्या जंतूवर चालतच नाहीत. तोवर त्या दोन खोल्यांच्या घरात धाकटी लेकही खोकू लागली होती. पुढे दोन वर्षं उपचार चालला, त्यात सहा महिने इंजेक्शनं.

नातेवाइकांनी काय म्हणावं? ‘गोळ्या सोडल्या असतील, म्हणून बिघडलं.’ हा आरोप मुमानीला आजही टोचतो. गोळ्या अर्धवट सोडल्याने जंतू निगरगट्ट होतात हे खरंच आहे. पण असा तयार झालेला जंतू खोकल्यावाटे जसाच्या तसा दुसऱ्याच्या छातीत जातो. ज्याने आयुष्यात टीबीची एक गोळी खाल्लेली नाही, त्यालाही पहिल्याच दिवसापासून हा हट्टी टीबी असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली साधा आणि हट्टी, दोन्ही जंतू अगदी सारखेच दिसतात.

त्याआधी दोनच वर्षं मुंबईत यावरून गदारोळ झाला होता. २०११ च्या डिसेंबरात हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेलं कोणतंच औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. काय नाव द्यायचं यावरून सरकारशी वाद झाला, पण रोग काही नावाने बदलत नव्हता. त्या चौघांपैकी तिघं आधी अनेक खासगी डॉक्टरांकडे फिरली होती आणि प्रत्येकाने अंदाजाने औषधं वाढवली होती. कर्जत आणि खोपोलीची पहाटेची लोकल कुठे जाते हे आपल्याला सांगायला नको. मुंबईचा जंतू मुंबईतच राहील असं समजणं भाबडेपणाचं आहे.

मामूंच्या वेळी नवी यंत्रं होती, पण मोजकी. आज सरकारी दवाखान्यात ‘सीबीनॅट’ किंवा ‘ट्रूनॅट’ हे शब्द तुम्हाला ऐकू येतील. सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली, ट्रूनॅटला २०२० मध्ये. ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि बॅटरीवर चालतं. आमच्या भागात पावसाळ्यात वीज किती टिकते हे पाहता ही गोष्ट लहान नाही.

ही यंत्रं करतात काय? मी विज्ञानाची नाही, भाषेची शिक्षिका, म्हणून माझ्या पद्धतीने सांगते. टीबीच्या जंतूची जनुकीय किताब सुमारे ४४ लाख अक्षरांची आहे. रिफाम्पिसिन निकामी करणारे बदल बहुतेक वेळा त्यातल्या एका ८१ अक्षरांच्या ओळीत होतात. यंत्र आख्खी किताब वाचत बसत नाही. तेवढी ओळ उघडतं, तिच्या असंख्य नकला काढतं आणि अक्षरं बदललीत का ते पाहतं. सीबीनॅटला सुमारे दोन तास लागतात. ट्रूनॅट तासाभरात टीबी आहे का ते सांगतं आणि असल्यास पुढच्या तासाभरात रिफाम्पिसिनचं. म्हणून अहवालात दोन गोष्टी असतात. पहिली, टीबी आहे की नाही. दुसरी, रिफाम्पिसिन चालेल की नाही. आपण पहिली वाचून रडायला लागतो आणि कागद घडी घालून कपाटात ठेवतो.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी आईबरोबर घरी आली. वय एकोणीस, मंगनी झालेली, तीन आठवडे खोकला. आई दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, सरकारी दवाखान्यात गेलं तर नाव लागेल. मुलाकडच्यांना कळलं तर?” मी म्हटलं, “आपा, नाव तर खासगीतही लागतं. २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरला टीबीचा रुग्ण सरकारला कळवावाच लागतो. आणि ती नोंद मोहल्ल्यात वाचून दाखवत नाहीत.” दुसऱ्या दिवशी मी स्वतः बरोबर गेले. एकही गोळी सुरू होण्याआधी थुंकी यंत्राला गेली, आणि त्याच आठवड्यात कागद हातात आला. दुसरी ओळ वाईट होती.

मामूंना सहा महिन्यांनी जे कळलं ते या मुलीला चार दिवसांत कळलं. उपचारही आता ते राहिले नाहीत. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या गोळ्यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला केंद्राने २०२४ च्या सप्टेंबरात मान्यता दिली. इंजेक्शन नाही. तरी हे खेळणं नव्हे. लिनेझोलिडने पायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं, म्हणून दर महिन्याला तपासणी. अशक्तपणामुळे त्या रमजानमध्ये तिने रोजे ठेवले नाहीत. दादी नाराज झाली, पण आजाऱ्याला नंतर कज़ा करायची मुभा आहे हे इमामसाहेबांनीच घरी येऊन समजावलं.

एक गोष्ट यंत्र बिघडवत नाही, आपण बिघडवतो. डबीत लाळ देतो. दवाखान्यातल्या ताई सांगतात, सकाळी उठून साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर जा, खोल श्वास घेऊन छातीतून बेडका काढा. नुसती लाळ गेली तर ‘टीबी नाही’ असा कागद येतो आणि माणूस खोकतच राहतो. आणखी एक. दुसरी ओळ चांगली आली म्हणजे सगळं पक्कं असं नाही. आयसोनियाझिडबद्दल साधं सीबीनॅट काही बोलत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी आहे, एलपीए नावाची. ती झाली का, हे विचारायला लाजू नका. आणि बरे झालात का हे पाहायला पुन्हा सीबीनॅट मागू नका, कारण ते मेलेल्या जंतूंचीही अक्षरं वाचतं.

तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी बँक खात्यात महिन्याला १००० रुपये येतात. ही रक्कम आधी ५०० होती, २०२४ च्या नोव्हेंबरपासून वाढली. मुलीच्या आईने त्यातून अंडी आणि शेंगदाणे आणले, हिशोब वहीत लिहून ठेवला.

मंगनीचं विचारता? मुलीने स्वतःच मुलाला फोन करून सांगितलं. त्याच्या घरच्यांनी निकाह पुढे ढकलला, मोडला नाही. तिच्या गोळ्या गेल्या महिन्यात संपल्या. पुढच्या तपासणीला मामू तिला टेम्पोतून नेणार आहेत. तिला जोरात बोलावं लागेल, एवढंच.