मते जनतेची, निवड तिजोरीची!

अमेरिकेच्या लोकशाहीचे गोडवे आपल्याकडे नेहमीच गायिले जातात. पण ती लोकशाही बाल्यावस्थेत असताना तिथे गव्हर्नर कसा निवडला जात होता, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याची १७८५ सालची निवडणूक आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तिथले १७८० चे संविधान वरकरणी जनतेच्या बाजूचे. गव्हर्नर थेट मतदानाने निवडायचा. परंतु मत कोणाला? ६० पौंडांची मालमत्ता किंवा वर्षाला ३ पौंड उत्पन्नाची जमीन असलेल्या पुरुषाला! गव्हर्नर होण्यासाठी तर १,००० पौंडांची स्थावर मालमत्ता हवी. खरी मेख मात्र पुढेच होती. कोणालाच निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत, तर प्रतिनिधी सभागृहाने पहिल्या चौघांतून दोघे निवडायचे आणि त्या दोघांतला एक सिनेटने ठरवायचा. या सिनेटच्या जागा लोकसंख्येवर नव्हे, तर कोणता जिल्हा किती कर भरतो यावर वाटलेल्या! म्हणजे माणसे नव्हे, पैसा मोजला जात होता.

१७८५ च्या प्रारंभी जॉन हॅनकॉक यांनी पद सोडले. त्यानंतरच्या निवडणुकीत जेम्स बोडिन आणि थॉमस कुशिंग यांच्यापैकी कोणालाही बहुमत मिळाले नाही. निर्णय विधिमंडळात गेला आणि बॉस्टनचे धनाढ्य व्यापारी बोडिन गव्हर्नर झाले.

परिणाम काय झाला? करवसुलीचा वरवंटा फिरला. स्वातंत्र्ययुद्धात लढलेले शेतकरी कर्जापायी तुरुंगात गेले, त्यांच्या जमिनी लिलावात निघाल्या. १७८६ मध्ये त्यांनी न्यायालयांचे कामकाज बंद पाडले. डॅनियल शेज हा माजी सैनिक त्यांचा एक नेता. बंड मोडण्यासाठी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ रोजी स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारापुढे सरकारी तोफांनी चार बंडखोर ठार झाले.

परंतु त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी बोडिन यांना घरी बसविले. हॅनकॉक एवढ्या मोठ्या बहुमताने परतले, की सिनेटकडे जाण्याची वेळच आली नाही. पुढे शेज यांनाही माफी मिळाली.

बंदुकीने जे साधले नाही, ते मतपेटीने साधले. पण तेही मताचा अधिकार असणाऱ्यांनाच! म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की निवडणुकीत मत कोण देतो एवढेच पाहून चालणार नाही. शेवटचा शब्द कोणाच्या हाती ठेवला आहे, ते आधी तपासले पाहिजे.