भरतीचा फॉर्म भरण्याआधी डोळे तपासलेत का?

उमरी : तालुक्यातील अनेक मुले-मुली 'नीट'च्या तयारीसाठी नांदेड, लातूर गाठतात. काही जण पोलीस, सैन्य, रेल्वे भरतीमागे असतात. पुस्तक आणि मोबाइल दिवसभर डोळ्यांसमोर. पण डोळ्यांची पहिली तपासणी अनेकदा थेट भरतीच्या मेडिकलमध्येच होते. तोवर वर्षभराची मेहनत झालेली असते.

लांबचे अंधूक का दिसते?
डोळ्याचा गोळा किंचित लांबट झाला, की प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. हाच मायनस नंबर. फळा किंवा एसटीची पाटी वाचताना डोळे बारीक करावे लागत असतील, तर नंबर तपासून घ्या. चष्म्यामुळे नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. न लावल्याने तो कमीही होत नाही.

डोळे जळजळतात, तेही नंबरामुळेच?
दरवेळी नाही. एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी लवते. स्क्रीनकडे पाहताना हे प्रमाण बरेच घटते. त्यामुळे डोळे कोरडे पडून खुपतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांवरच्या वस्तूकडे पाहा. पंख्याचा झोत थेट डोळ्यांवर घेऊ नका.

मेडिकलमधून ड्रॉप आणले तर?
खरा धोका इथेच आहे. लाली झटपट घालवणाऱ्या काही ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असते. डॉक्टरांना न विचारता ते महिनोन्‌महिने टाकल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही. मित्राची बाटली किंवा जुनी चिठ्ठीही वापरू नका.

भरतीत चष्मा चालतो का?
प्रत्येक पदाचा निकष वेगळा असतो. रेल्वेत सहायक लोको पायलट होण्यासाठी दोन्ही डोळ्यांची दूरची नजर चष्म्याविना 6/6 लागते. रंगही अचूक ओळखावे लागतात. लेसिक शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या पदासाठी अपात्र ठरतो. म्हणजे 'आधी लेसिक, मग फॉर्म' हा हिशेब इथे उलटतो. लाल-हिरव्या रंगांत गफलत होण्याचा जन्मजात दोष मुलांत जास्त आढळतो. त्यावर इलाज नाही आणि अनेकांना तो चाचणीपर्यंत माहीतही नसतो. म्हणून जाहिरातीतील वैद्यकीय निकष वाचूनच तयारीला लागा.

त्याच दिवशी डॉक्टर गाठा
● डोळ्यांसमोर अचानक चमकारे येणे
● काळे ठिपके एकाएकी वाढणे
● नजरेवर एका बाजूने सावली सरकणे

डोळ्याचा पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची ही लक्षणे असू शकतात. मायनस नंबर जास्त असलेल्यांना हा धोका अधिक.

तपासणी कुठे?
नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत नेत्र विभाग आहे. नंबर आणि रंगओळख दोन्ही तपासून घ्या. काही मिनिटांचे काम आहे. ते फॉर्म भरण्याआधीच उरका.