धारेच्या वेळचा कार्यक्रम निवांतपणी पाहा

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वरळीच्या या केंद्राने ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमातून शेतीची माहिती खेडोपाडी पोचवली. पण दूरदर्शन कोणासाठी थांबत नाही. पडद्यावर फवारणीचे प्रमाण सांगितले जाते तेव्हा घरधनी गोठ्यात असतो आणि घरधनीण चुलीपाशी. अर्धवट ऐकलेले प्रमाण पिकाला महागात पडते.

यावर ‘टीव्हीहेडएंड’ नावाचे सॉफ्टवेअर उपयोगी आहे. ते मोफत आहे आणि त्याची घडण सर्वांना खुली आहे. घरच्या बियाण्यासारखेच म्हणा ना! कोणीही वापरावे, सुधारावे, शेजाऱ्यालाही द्यावे.

सामान फारसे लागत नाही. लिनक्सवर चालणारा जुना संगणक, डिशचा ट्यूनर आणि छपरावरची छत्री. परळ-लालबागला कोणी नातेवाईक असेल तर ट्यूनर आणायला त्याला लॅमिंग्टन रोडला पाठवावे. दादरहून पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने ग्रँट रोडला उतरले की हा बाजार जवळच आहे. “हा ट्यूनर लिनक्सवर चालतो का?” हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

२००४ साली सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेला महिन्याचे भाडे नाही. छत्रीची वायर ट्यूनरला जोडावी. टीव्हीहेडएंडमध्ये ९३.५ अंश पूर्व हा उपग्रह निवडून वाहिन्या शोधाव्यात. कुलूपबंद नसलेल्या वाहिन्या सापडतात. मग वाहिनी, वार आणि वेळ नोंदवावी. आधी पाच व नंतर दहा मिनिटे जादा ठेवावीत. कार्यक्रम नेहमी वेळेवर सुरू होतोच असे नाही. एका तासाला साधारण एक ते दीड जीबी जागा लागते.

नोंद होताना संगणक चालू हवा. भारनियमनाच्या गावात तो इन्व्हर्टरवर ठेवावा. वीज गेली की नोंद तुटते.

घरातल्या वायफायवरून ही नोंद ‘कोडी’ या मोफत सॉफ्टवेअरने मोबाईलवर किंवा टीव्हीवर पाहता येते. त्यासाठी इंटरनेटचे पैसे लागत नाहीत. जेवणे आटोपली की सर्वांनी मिळून पाहावे, प्रमाण सांगतील तेथे थांबवावे आणि वहीत उतरवून घ्यावे. नोंद मात्र घरापुरतीच ठेवावी.