कढईत उडी कोणी मारायची?

आपण चित्रपटाबद्दल मत देतो तेव्हा चित्रपट पूर्ण झालेला असतो. आपल्याला तो आवडो न आवडो, पडद्यावरच्या एकाही चौकटीला त्याने धक्का लागत नाही, असं आपण धरून चालतो. पण १९८४ साली, कॅलिफोर्नियात बरबँक इथे, डिस्ने स्टुडिओच्या स्वतःच्या चित्रगृहात एका नव्या ॲनिमेशनपटाचा चाचणी खेळ झाला. पडद्यावर एका काळ्या कढईतून धुकं उसळलं, मेलेले योद्धे उठून चालू लागले आणि खुर्च्यांवरची बरीच मुलं चित्रपट संपायच्या आतच घाबरून बाहेर पळाली. एवढंच त्यांचं मत! त्यानंतर त्या चित्रपटातून बारा मिनिटं कापली गेली. चिमुकल्या पायांनी दिलेल्या मताची ही ताकद बघा!

हा चित्रपट म्हणजे ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’. लॉइड अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाच्या पाच कादंबऱ्यांची मालिका १९६४ ते १९६८ या काळात आली, ‘द क्रॉनिकल्स ऑफ प्रिडेन’. टॅरन नावाचा पोरगा एका म्हाताऱ्या जादूगाराच्या शेतावर डुक्कर राखतो. डुक्करही साधंसुधं नाही, भविष्य सांगणारं. आणि टॅरनची स्वप्नं मात्र तलवारीची, पराक्रमाची. डिस्नेने १९७१मध्ये या कादंबऱ्यांचे हक्क घेतले. चित्रपट लोकांसमोर आला १९८५च्या जुलैमध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. हक्क घेतले त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर आठवी-नववीत गेलं असेल!

आता त्या बारा मिनिटांकडे येऊ. बारा मिनिटं म्हणजे किती? एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे बारा मिनिटांत १७,२८० चौकटी. एक चित्र सहसा दोन चौकटी टिकवतात असं धरलं तरी एकट्या पात्राची ८,६४० चित्रं. पडद्यावर चार पात्रं असतील तर चौघांची वेगळी. मागचं रंगवलेलं रान वेगळं, धूर वेगळा. हे सगळं हातानं, आणि तेही ७० मिलिमीटरच्या प्रशस्त पडद्यासाठी. १९५९च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’नंतर डिस्नेने एवढा रुंद कॅनव्हास पहिल्यांदाच घेतला होता. कढईतून उठणाऱ्या धुक्यासाठी तर खऱ्या कोरड्या बर्फाच्या वाफेचं चित्रीकरण करून ते रेखाटनांत मिसळलं. आणि नायिकेच्या आसपास तरंगणारा तो प्रकाशाचा गोळा आठवतो? त्यात संगणकाचा हात आहे. डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटात संगणकाने काढलेली चित्रं इथेच पहिल्यांदा आली.

असं काम कापायचं कसं?

माणसांना घेऊन केलेल्या चित्रपटात एकाच प्रसंगाचे अनेक टेक असतात, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले. संकलकाच्या हाताशी कच्चा माल भरपूर. ॲनिमेशनमध्ये शिल्लक काही नसतंच. कोण इतका वेडा आहे की एकच प्रसंग तीन कोनांतून हजारो चित्रं काढून ठेवील? इथे कापाकापी आधीच होते, भिंतीवर टाचलेल्या कच्च्या रेखाटनांवर. तिथे मंजूर झालं तेवढंच रेखाटायचं, तेवढंच रंगवायचं. जेफ्री कॅट्झनबर्ग हे डिस्नेच्या चित्रपट विभागाचे नवे प्रमुख, आलेले खऱ्या माणसांच्या चित्रपटांच्या जगातून. त्यांनी चाचणी खेळाचा परिणाम पाहिला आणि चित्रपट पुन्हा संकलित करायला सांगितला. ॲनिमेशनमध्ये असं करत नाहीत, असं त्यांना सांगण्यात आलं. तेव्हा ते स्वतःच संकलनाच्या खोलीत जाऊन कापायला बसले! निर्माते जो हेल यांनी थेट कंपनीप्रमुख मायकेल आयझनर यांना गाठलं. कॅट्झनबर्ग थांबले खरे, पण काटछाट टळली नाही. १९८४च्या नाताळात येणारा चित्रपट पुढल्या उन्हाळ्यावर गेला.

त्या कात्रीची खूण आजही चित्रपटात आहे, आणि ती दिसण्याआधी ऐकू येते. एल्मर बर्नस्टाइन यांचं संगीत चित्रांच्या हालचालीशी सेकंद-सेकंद जुळवलेलं होतं. विणून झालेल्या पैठणीतून मधलंच हातभर कापड काढून दोन कडा जोडल्या, तर शिवण कितीही बारीक असली तरी वेलबुट्टी जुळत नाही. कढईतले योद्धे चालून येतात त्या भागात संगीत असंच अचानक उडी घेतं. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा तिथे डोळे मिटा आणि फक्त ऐका. चाळीस वर्षांपूर्वी घाबरलेल्या मुलांचं मत तिथे कानाला लागतं.

त्या काळात अमेरिकन पालक आधीच अस्वस्थ होते. त्याच १९८४च्या उन्हाळ्यात ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आला होता. त्यात नुसत्या हाताने माणसाचं काळीज काढणारा मोलाराम कोण? आपले अमरीश पुरी, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या मराठी चित्रपटातही दिसलेले. त्या चित्रपटाला ‘पीजी’ म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाचं सौम्य प्रमाणपत्र होतं. तो आणि ‘ग्रेमलिन्स’, या दोघांवरून पालकांनी एवढा गदारोळ केला की दोन्हींशी संबंधित असलेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी स्वतःच मधली एक पायरी सुचवली आणि १ जुलै १९८४पासून ‘पीजी-१३’ हे नवं प्रमाणपत्र सुरू झालं. प्रेक्षकांच्या मताने एका देशाचा चित्रपट मोजायचा गजच बदलला! अशा हवेत ‘ब्लॅक कॉल्ड्रन’ काटछाट करूनही ‘पीजी’ घेऊन बाहेर पडला. डिस्नेच्या ॲनिमेशनपटांत ‘पीजी’ मिळालेला तो पहिला.

खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई सुमारे २ कोटी १३ लाख. त्याच वर्षीच्या ‘द केअर बेअर्स मूव्ही’ने, म्हणजे गोंडस रंगीत अस्वलांनी, त्याच्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या नावाजलेल्या समीक्षकाला चित्रपट आवडला होता, पण त्याने चित्र पालटलं नाही.

आत्तापर्यंत आपण एकाच जातीच्या प्रेक्षकाचं बोललो, घाबरलेल्या मुलाचं. दुसरा प्रेक्षक मला त्याहून विलक्षण वाटतो. तो आहे कादंबऱ्या वाचून आलेला. तो एका खुर्चीत बसून एकाच वेळी दोन चित्रपट पाहत असतो, एक पडद्यावरचा आणि एक स्वतःच्या डोक्यातला. आणि डोक्यातल्या चित्रपटात कात्री लागलेली नसते.

या वाचकाची तक्रार पाहा. पहिल्या दोन कादंबऱ्या ऐंशी मिनिटांत कोंबल्या. शिंगांचा मुखवटा घातलेला राजा पुस्तकात खऱ्या मृत्युदेवाचा, ॲरॉनचा, नुसता सरदार असतो. तो पहिल्याच कादंबरीत मरतो. चित्रपटात तोच सर्वेसर्वा झाला. (जॉन हर्ट यांच्या आवाजामुळे तो अंगावर काटा आणतो, हे मात्र नाराज वाचकही मान्य करतात.) ग्विडिऑन हा पुस्तकातला थोर योद्धा चित्रपटात नाहीच. आणि सगळ्यात मोठा घाव शेवटी.

ही कढई फुटत नाही, वितळत नाही. एकच उपाय आहे. कोणीतरी जिवंत माणसाने, आपण परत येणार नाही हे ठाऊक असताना, स्वतःहून आत उतरायचं. पुस्तकात हे कोण करतं? एलिडर. गर्विष्ठ, चिडका, कंगाल झालेला राजपुत्र. पुस्तकभर तो टॅरनला डुक्करराख्या म्हणून हिणवतो, त्याचं श्रेय लाटतो. वाचकाला त्याचा मनापासून राग येत असतो. आणि तोच कढईत उडी घेतो. कढई फुटते, एलिडर मरतो आणि वाचकाला आपला राग आता ठेवायचा कुठे हेच कळत नाही. हे मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे!

चित्रपटात एलिडर नाही. तिथे उडी घेतो गर्गी, केसाळ, लुडबुड्या, सारखा खायला मागणारा प्राणी. टॅरनला पुष्कळ मित्र आहेत, आपल्याला कोणी नाही, असा त्याचा साधा हिशेब. मग कढईच्या मालकिणी असलेल्या तीन चेटकिणी येतात. कढईच्या बदल्यात टॅरनने त्यांना दिलेली जादूची तलवार परत देऊ करतात. तो म्हणतो, तलवार नको, गर्गी द्या. आणि गर्गी जिवंत होतो.

इथे प्रेक्षकांचे दोन तट पडतात ते आजतागायत. एकाचं म्हणणं, मेलेला परत आला तर त्यागाला अर्थ काय राहिला? दुसऱ्याचं म्हणणं, पराक्रमाची स्वप्नं पाहणारा मुलगा मित्रासाठी तलवार सोडतो, हीच तर त्याची मोठी वाढ. मला विचाराल तर पहिला पक्ष बरोबर आहे. एलिडरच्या मरणाने वाचकाच्या मनात जी उलथापालथ होते, तिच्या जवळपासही गर्गीचं परतणं जात नाही. पण दुसऱ्या पक्षाच्या बाजूने एक फार जुना साक्षीदार उभा आहे, आणि त्याला भेटल्यावर हा सगळा वाद वेगळाच दिसू लागतो.

अलेक्झांडर दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून प्रशिक्षणासाठी वेल्समध्ये होते. तिथल्या डोंगरांनी आणि पुराणकथांनी त्यांना झपाटलं. ही कढई त्यांनी तिथूनच आणली. ‘मॅबिनोगियन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कथा चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांत सापडतात, आणि कथा त्याहून जुन्या. त्यांतल्या ब्रान्वेन नावाच्या राजकन्येच्या कथेत पुनर्जन्माची कढई आहे. मेलेला योद्धा तिच्यात टाकला की दुसऱ्या दिवशी तो लढायला उभा, फक्त मुका. ही कढई आयर्लंडच्या राजाकडे कशी गेली? ब्रान्वेनचा सावत्र भाऊ एव्निसियेन, कायम भांडण उकरून काढणारा माणूस. त्याने पाहुण्या आयरिश राजाच्या घोड्यांची विटंबना केली आणि भरपाई म्हणून कढई द्यावी लागली. पुढे युद्ध पेटलं. आयरिश सैनिक मरतात आणि कढईतून उठून परत लढतात. आपल्या लोकांची कत्तल पाहून एव्निसियेन प्रेतांमध्ये प्रेत होऊन पडून राहतो. शत्रू त्यालाही कढईत टाकतो. आत तो सगळं बळ लावून अंग ताणतो. कढईचे चार तुकडे होतात आणि त्याचं काळीजही फुटतं.

ओळखलंत? एव्निसियेन म्हणजेच एलिडर! सगळ्यांना नकोसा झालेला, ज्याच्यामुळे अर्धी संकटं ओढवली, तोच आत उतरतो. मध्ययुगीन कथेतून विसाव्या शतकातल्या कादंबरीत, तिथून पडद्यावर, कढई तीच आणि नियमही जवळपास तोच. दर वेळी बदलते ती उडी घेणारी व्यक्ती. आधी भांडखोर सावत्र भाऊ, मग गर्विष्ठ राजपुत्र, मग ज्याची कोणी मोजदाद करत नाही असा केसाळ प्राणी. गर्गी योग्य की एलिडर यावर हिरिरीने वाद घालणाऱ्या प्रेक्षकांना कल्पनाही नसेल की ते शतकानुशतकं चाललेल्या एका बैठकीत येऊन बसले आहेत.

आणि त्यात एक गंमत लपलेली आहे, जी मला कळली तेव्हा मी उडालोच. जुन्या कथेत कढईतून परतणारा मुका असतो. चित्रपटात परत कोण येतो? गर्गी. ज्याचं तोंड कधीच बंद नसतं तो! चित्रपटकर्त्यांनी हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणणार नाही. पण कढईने गिळलेला आवाज इथे पहिल्यांदा परत मिळतो, आणि दुसऱ्या पक्षाच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

या सगळ्यावर मूळ लेखकाचं मत काय होतं? चित्रपटाचा आणि पुस्तकाचा काही संबंध नाही, असं अलेक्झांडर यांनी स्पष्ट म्हटलं. आणि लगेच हेही, की चित्रपट म्हणून तो पाहताना आपल्याला मजा आली. ज्याचं घर मोडून दुसरं बांधलं, तोच त्या दुसऱ्या घरात खुशाल फिरून आला. प्रेक्षकांनी पुस्तकही वाचावं एवढीच त्यांची इच्छा होती. मालिकेच्या शेवटच्या कादंबरीला १९६९चं न्यूबेरी पदक मिळालेलं आहे, म्हणजे त्यांच्या इच्छेला वजन आहे.

आणि ती घाबरलेली मुलं? अमेरिकेत हा चित्रपट घरच्या कॅसेटवर यायला १९९८ उजाडलं. तोवर लहानपणी थिएटरात पाहणाऱ्यांच्या मनात तो प्रामुख्याने आठवणीच्या रूपात राहिला. भीतीने कोरलेली आठवण मेंदू सहजी पुसत नाही. कॅसेट आली तेव्हा ती पोरं मोठी झाली होती, आणि ज्या शिंगांच्या राजामुळे एकेकाळी पालकांनी नाकं मुरडली, त्याच्यासाठीच ती हा चित्रपट शोधू लागली. आता त्यांचं म्हणणं उलट आहे: आम्हाला ती कापलेली बारा मिनिटं पाहायची आहेत! त्या दृश्यांची काही रंगवलेली पारदर्शक चित्रं संग्राहकांच्या हाती लागली आहेत. त्या तुटक चित्रांवरून मधला प्रसंग कसा असेल, संगीत तिथे कसं वळलं असेल, कापायला हवं होतं की नको, यावर लोक तावातावाने बोलतात. न पाहिलेल्या दृश्यांबद्दलही त्यांची मतं ठाम आहेत, आणि त्यांतली काही मला पडद्यावरच्या दृश्यांपेक्षा अधिक नीट विचार केलेली वाटतात.