एकही बिट न सांडता

साडेतीन मिनिटांचं गाणं सीडीवर सुमारे ३७ मेगाबाइट जागा घेतं. तेच गाणं आज इंटरनेटवरून वीस-बावीस मेगाबाइटच्या रूपात फोनपर्यंत येतं आणि फोनमध्ये उलगडलं की पुन्हा ३७ मेगाबाइटचं होतं. त्यातले २९ कोटींहून अधिक शून्य आणि एक स्टुडिओतून निघालेल्या फाइलशी ताडून पाहिले, तर एकाही जागी फरक सापडत नाही. वाटेत जवळजवळ निम्मा ऐवज नव्हताच. मग तो परत आला कुठून?

या किमयेला ‘लॉसलेस’ म्हणतात. टायडल आणि कोबझ यांसारख्या, मोजक्या दर्दी लोकांच्या सेवा ती बरीच वर्षं देत होत्या. ॲमेझॉनने २०१९ मध्ये आणि ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये ती आपल्या ग्राहकांपुढे ठेवली. ॲपलने त्यासाठी जादा पैसेही घेतले नाहीत. स्पॉटिफायने फेब्रुवारी २०२१ मध्ये घोषणा केली, पण प्रत्यक्ष सुविधा सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. एकेकाळी महागड्या यंत्रांच्या खोलीत असलेली गोष्ट आता सेटिंगमधल्या एका बटणावर आली आहे. त्या बटणामागे जे दडलंय ते इतकं सुंदर आहे की ते माहीत असायलाच हवं.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातली अखंड चढउतार. ती आकड्यांत उतरवायची, तर ठरावीक अंतराने तिची उंची मोजत जायचं. या प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणतात. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले जातात. मनात शंका येते, की दोन सॅम्पलच्या मधलं काय? तिथला आवाज तर हरवलाच ना? पण तो हरवत नाही. मूळ आवाजातली सर्वांत जलद कंपनं सॅम्पलिंगच्या वेगाच्या निम्म्याहून कमी असतील, तर त्या सुट्या ठिपक्यांतून जाऊ शकणारी तशी लाट एकच असते, आणि ती म्हणजे मूळ लाट. मधली वळणं अंदाजाने भरावी लागत नाहीत, ती ठिपक्यांनीच पक्की केलेली असतात. हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये या विचाराचा पाया घातला, व्लादिमीर कोटेल्निकोव्हने १९३३ मध्ये तो सिद्धान्ताच्या रूपात मांडला आणि क्लॉड शॅननने १९४९ च्या लेखात तो साऱ्या दळणवळणशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवला. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. त्याची दुप्पट म्हणजे ४०,०००. त्यावरची कंपनं अडवणाऱ्या गाळणीसाठी थोडी मोकळीक ठेवली की हिशेब पुरा होतो.

पण मग नेमके ४४,१००च का? कारण सीडी घडत होती तेव्हा इतकी माहिती साठवू शकणारं हाताशी असलेलं साधन म्हणजे व्हिडिओ टेप. टीव्हीच्या चित्राच्या प्रत्येक रेघेत ध्वनीचे ३ सॅम्पल बसवत. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत एका फील्डच्या, म्हणजे अर्ध्या चित्राच्या, २४५ रेघा वापरता येत आणि सेकंदाला ६० फील्ड. युरोपच्या पद्धतीत २९४ रेघा आणि ५० फील्ड. गुणाकार करून पाहा, दोन्हीकडे ४४,१००च येतात. शिवाय हा आकडा २१० चा वर्ग आहे, म्हणजे २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळसंख्यांच्या वर्गांचा गुणाकार. म्हणूनच त्याला इतक्या वेगवेगळ्या संख्यांनी नेमका भाग जातो आणि दोन्ही टीव्ही-पद्धती त्यात सामावल्या. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन.

प्रत्येक सॅम्पलची उंची १६ बिटांत लिहितात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. डावा आणि उजवा असे दोन प्रवाह धरले तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. १९९० च्या दशकातल्या मोडेमवरून असं एक गाणं आणायला तास उलटून जात. त्यामुळे ध्वनी लहान करणं ही त्या काळाची गरज होती. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या एमपी३ने ती भागवली.

एमपी३ची युक्ती माणसाच्या श्रवणावर बेतलेली आहे. मोठा स्वर वाजत असताना त्याच्या लगतच्या पट्टीतला बारीक स्वर आपल्याला ऐकू येत नाही. जोरदार ठोक्यानंतर क्षणभर हळू आवाज जाणवत नाहीत. मग जे ऐकूच येणार नाही ते कशाला साठवायचं? एन्कोडर, म्हणजे फाइल लहान करणारा प्रोग्रॅम, गाण्याचे बारीक तुकडे करतो, प्रत्येकात काय झाकलं जाईल ते हिशेबाने ठरवतो आणि तेवढं ढोबळ करतो किंवा टाकून देतो. सेकंदाला १२८ किलोबिटची फाइल सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढी होते, ती यामुळे. ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान वेगाचं ‘टॉम्स डायनर’ निवडलं होतं. त्यात वाद्यंच नाहीत, एकटा गळा आहे. चुका झाकायला दुसरा आवाज नसल्याने सुरुवातीच्या एन्कोडरने त्या गाण्याचे हाल केले, आणि ते नीट वाजेपर्यंत ही मंडळी थांबली नाहीत. एमपी३ हीसुद्धा मोठ्या प्रतिभेची निर्मिती आहे. पण तिथे टाकलेलं परत मिळत नाही.

लॉसलेसमध्ये काहीच टाकायचं नसतं. तरीही फाइल लहान होते, कारण संगीताचा बराचसा भाग आधीच ओळखता येतो. मैफलीत जाणता श्रोता आवर्तनाबरोबर मनात समेचा अंदाज बांधत असतो. गायक ठरल्या जागी आला, तर नवीन काही कळत नाही. त्याने वेगळ्या वाटेने येऊन चकवलं, तर तेवढंच ध्यानात ठेवावं लागतं. फ्लॅक हा आज सर्वाधिक वापरला जाणारा लॉसलेस प्रकार दर सॅम्पलला असाच अंदाज बांधतो आणि फक्त चकवा लिहून ठेवतो.

आकड्यांत पाहू. समजा लागोपाठचे सॅम्पल १०००, १०४०, १०७८, १११४ आणि ११४९ आहेत. पहिले दोन जसेच्या तसे लिहिले. चढ ४० चा आहे, म्हणून तिसरा १०८० असावा. निघाला १०७८, चूक उणे २. आता चढ ३८ चा, म्हणून चौथा १११६ असावा. निघाला १११४, पुन्हा उणे २. पाचव्यासाठी अंदाज ११५०, प्रत्यक्षात ११४९, चूक उणे १. मोठमोठ्या आकड्यांच्या जागी आता -२, -२, -१ एवढंच साठवायचं. ज्या सॅम्पलला १६ बिट लागत होते, त्याला तीन-चार पुरतात. तुमचा फोन तोच अंदाज त्याच नियमाने बांधतो, त्यात चूक मिळवतो आणि मूळ आकडा परत उभा करतो. सुरुवातीला वाटेत नसलेला निम्मा ऐवज इथून येतो. तो पाठवण्याची गरजच नव्हती, कारण तो उरलेल्या ऐवजातूनच ओळखता येत होता.

खरा फ्लॅक दोनच नव्हे, तर गरजेप्रमाणे मागच्या ३२ सॅम्पलपर्यंत पाहू शकतो. ही अंदाज बांधण्याची विद्या मुळात बोलण्याचा आवाज टेलिफोनवरून काटकसरीने पाठवण्यासाठी १९६० च्या दशकात घडली. जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो, तर अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल आणि मान्फ्रेड श्रोडर यांनी ती पुढे नेली. अटल कानपूरचे, लखनौ विद्यापीठात आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. पुढे १९७९ मध्ये अटल आणि श्रोडर यांनीच जोसेफ हॉल यांच्यासह, मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो या गुणाचा उपयोग करून ध्वनी कसा आटोपशीर करता येईल, हेही दाखवलं. काहीही न टाकण्याच्या आणि नेमकं टाकण्याच्या, अशा दोन्ही वाटांवर या दोघांची पावलं उमटली आहेत.

उरलेल्या लहान चुका लिहिण्याची पद्धतही तितकीच देखणी आहे. लहान आकड्याला तोकडा संकेत, मोठ्याला लांब. ती रॉबर्ट राइस यांच्या नावाने ओळखली जाते. राइस कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत काम करत. दूरच्या यानांकडून क्षीण संदेशांतून येणारी माहिती एकही आकडा न गमावता कमी बिटांत कशी बसवायची, हा त्यांचा प्रश्न होता. याच प्रयोगशाळेने १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं पाठवली, आणि त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी कोरलेली आहे. दोन्ही यानं आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या पलीकडे गेली आहेत. केसरबाईंचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला तो आकड्यांतून नव्हे, तर तबकडीच्या खाचेतून. पण तोच आवाज आज लॉसलेस फाइल होऊन आपल्या खिशात येतो, तेव्हा त्याच प्रयोगशाळेत रुजलेलं गणित त्याला वाहून आणतं.

जॉश कोल्सन या प्रोग्रॅमरने हे सगळे धागे एकत्र विणून २००१ मध्ये फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. फ्लॅकच्या फाइलमध्ये मूळ ध्वनीवरून काढलेली १२८ बिटांची खूणही ठेवलेली असते. उलगडलेल्या ध्वनीवरून पुन्हा तशीच खूण काढायची आणि ताडून पाहायची. म्हणजे काही हरवलं नाही, हे कोणाच्या शब्दावर मानावं लागत नाही, पडताळता येतं.

या किमयेलाही सीमा आहे. शॅननने १९४८ मध्येच दाखवलं, की प्रत्येक माहितीत न ओळखता येणारा एक गाभा असतो आणि त्याहून लहान ती होऊच शकत नाही. शांत एकल गायनाची फाइल बरीच आक्रसते, कर्कश रॉकची कमी आणि निव्वळ खरखरीची जवळजवळ नाहीच, कारण खरखरीत अंदाज बांधायला काही नसतंच. फाइल किती लहान झाली हे पाहून त्या आवाजात किती रचना आहे, याचा अदमास येतो.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. फरक ऐकू येतो का? ९६ किंवा १२८ किलोबिटच्या जुन्या फाइलशी तुलना केली तर झांजांच्या झणकारात आणि टाळ्यांच्या कडकडाटात अनेकांना येतो. ३२० किलोबिटच्या चांगल्या फाइलशी तुलना केली, आणि कोणती कुठली हे सांगितलं नाही, तर बहुतेकांना ओळखणं अवघड जातं. शिवाय नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनकडे जाताना आवाज पुन्हा काटछाट होऊनच जातो. लॉसलेस खरोखर लॉसलेस राहावं, तर तारेचे हेडफोन किंवा वायफायवरचा स्पीकर हवा. सीडीहून बारीक मोजणीचे २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ हे आकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मिश्रणाच्या कामात मोकळीक देतात. घरी ऐकणाऱ्याला सीडीचीच गुणवत्ता भरपूर आहे.

मग एवढा आनंद कशाचा? काय ऐकू येणार नाही, हे आधीच ठरवून आपल्यापर्यंत गाणं पाठवण्याची गरज आता उरली नाही, याचा. कलाकाराने आणि ध्वनिमुद्रकाने शेवटची मान्यता दिलेले आकडे जसेच्या तसे कोणत्याही गावातल्या साध्या वर्गणीदारापर्यंत पोचतात. पूर्वी ती मूळ प्रत स्टुडिओच्या कपाटात असे.

आणि यातून आपल्यावर एक कामही येतं. लॉसलेस फाइलमधून एमपी३ कधीही करता येते, एमपी३मधून मूळ ध्वनी कधीच मिळत नाही. आज नाट्यसंगीताच्या, लावण्यांच्या, भजनांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या अनेक घरांत आहेत, आणि संग्राहक त्या संगणकावर उतरवत आहेत. त्या उतरवताना खरखरीसकट लॉसलेसच ठेवायला हव्यात. एन्कोडर आजच्या कानाला निरुपयोगी म्हणून जे टाकतो, त्याच बारकाव्यांवरून उद्याचं एखादं तंत्र खरखर आणि गळा वेगळे करू शकेल. साठवणीची जागा आता स्वस्त आहे, फ्लॅक फुकट आहे आणि खुलं आहे. घरात अशी तबकडी असेल, तर ती एमपी३ करून ठेवू नका. एकदाच उतरवा, आणि पूर्ण उतरवा.