गांधारपाल्याची लेणी, रोमन वाडी आणि आपली पांढरी



रायगड बघायला आपल्यापैकी पुष्कळ मंडळी आंबेनळीचा घाट उतरून, पोलादपूरवरून महाडला जातात. महाडजवळ, मुंबई-गोवा रस्त्याला लागूनच गांधारपाल्याची लेणी आहेत. तिकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. आपण जी शेती करतो तिचे जुने खातेउतारे अशाच ठिकाणी सापडतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या परिसरात, डोंगराच्या कुशीत ही सुमारे तीस बौद्ध लेणी खोदलेली आहेत. कानभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याच्या टाक्या दान दिल्याचा लेख तिथे आहे. खोलीला त्या लेखात ‘ओवरक’ म्हटले आहे. आपल्या देवळातली ओवरी ती हीच बघा!

साखर तेव्हाही परदेशी जात होती

सावित्रीच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत येत आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली, तिचे नाव ‘पेरिप्लस’. तीत कोकण किनाऱ्यावरचे ‘पालैपत्मै’ नावाचे बंदर आहे. ते म्हणजे आपले पाले, असे काही अभ्यासक मानतात. त्याच वहीत आपल्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणारा माल सांगितला आहे : गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि ‘बोरूतला मध, ज्याला साखरी म्हणतात’. बोरू म्हणजे आपला ऊस! रोमचा प्लिनी लिहितो की ही साखर दातांखाली फुटते आणि फक्त औषधाला वापरतात. आज आपण पोत्यांनी मोजतो, ती त्यांच्याकडे वैद्याच्या पुडीत होती.

न कसलेले शेत

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या कारकिर्दीच्या २४ व्या वर्षाचा एक लेख आहे. भिक्षूंना कखडी गावचे शेत दिले होते. पण ते शेत कोणी कसत नाही आणि गावही वसलेले नाही, अशी हकीगत त्यात येते. म्हणून राजाने नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीपैकी शंभर निवर्तने बदली दिली. म्हणजे कागदावर जमीन असून भागत नाही, कसणारा हात लागतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दफ्तरातही नोंदलेले आहे.

रोमन वाडीचा कारभार

तिकडे रोमन शेतकरी काय करत होता? इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पोंपेई शहर आणि भोवतालच्या वाड्या गाडल्या गेल्या. बोस्कोरेआले येथे १९७७ पासून अशी एक वाडी खणून काढली. जमिनीत पुरलेले द्राक्षारसाचे अठरा रांजण मिळाले. द्राक्षवेलीची मुळे कुजून राहिलेल्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून मुळांचे साचेही काढले. वेल कुठे लावली होती ते दिसले.

रोमच्या केटोने सुमारे दीडशे एकरांच्या जैतूनबागेला तेरा माणसे आणि बैलांच्या तीन जोड्या लागतात, असा हिशेब लिहिला. पण म्हातारा बैल आणि म्हातारा गुलाम विकून टाकावा, असाही सल्ला त्याने दिला! आपल्या कारखान्यात मालक सभासद आहे हे खरे, पण आपला ऊस तोडणारी माणसे फडात कशी राहतात, त्यांना पाणी, निवारा, औषध मिळते का, हे बघणेही मालकाचेच काम आहे.

कोलुमेला हा लेखक मात्र आपल्या विभागातला वाटतो. जमीन म्हातारी होत नाही, दोष आपल्या कसण्यात आहे, असे त्याने बजावले. हिरवळीच्या खतासाठी ल्युपिन नावाचे द्विदल पीक गाडायला सांगितले : हलक्या रानात दुसऱ्या फुलोऱ्याला, भारी रानात तिसऱ्या. आम्ही ताग आणि धैंचा गाडा म्हणून मागे लागतो, तो काही नवा शोध नव्हे. खोडव्यावर खोडवा घेऊन रान थकले असेल, तर फुलोऱ्यावर आलेला ताग गाडून बघा.

पांढरीची माती

आता मुख्य मुद्दा. जुन्या गावठाणाची पांढरी माती आपण गाड्या भरभरून रानात टाकतो, सपाटीकरणात टेकाडे मोडतो. ती टेकाडे म्हणजे आपली बोस्कोरेआलेच होत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात असेच टेकाड उकरले. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव निघाले. जव, मसूर यांचे जळके दाणे, धान्य साठवायची पेवे, आणि नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट! आपल्याआधी तीन हजार वर्षे तिथे पाणी दिले जात होते. त्या टेकाडाची माती आधीच कोणी वाहून नेली असती, तर हे कळलेच नसते.

तेव्हा सभासदांना विनंती : पांढरीच्या मातीऐवजी शेणखत, पाचट आणि ताग वापरावा. विहीर खणताना किंवा रान सपाट करताना रंगीत खापरे, जुनी नाणी, भाजलेल्या विटा दिसल्या तर काम थांबवून तलाठ्याला कळवावे. जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्यानेही बंधनकारक आहे. आणि पुढल्या खेपेला महाडवरून जाताना पाल्याला तासभर गाडी थांबवा. पोरांनाही बरोबर न्या.