बेघरांसाठी आधी भाड्याची खोली

जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे इमारतीच्या छपराखाली न राहणारे कुटुंब. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळ्यांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर रात्र काढणारे सगळे या वर्गात येतात. २०११च्या जनगणनेत त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात १७ लाख ७३ हजार माणसे नोंदली गेली, त्यांतली ९ लाख ३८ हजार शहरांतली होती. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या घरात होता. एका रात्रीच्या मोजणीतून बरेच जण निसटतात. लग्नाच्या हंगामात केटरिंगवाल्याबरोबर गेलेला वाढपी, बांधकामाच्या जागेवरच झोपणारा बिगारी, पोलिसांनी फलाटावरून उठवल्यामुळे तेवढ्या रात्री दुसऱ्या स्टेशनात गेलेली बाई, यांची नोंद कुठेच होत नाही. २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे एवढा जुना आकडाच अजून धोरणाचा आधार आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत बेघर माणूस कुठे सापडतो, हे त्याच्या कामावरून ठरते. कल्याण हे मोठे जंक्शन आहे. कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या घाटांतून येणाऱ्या गाड्या इथे एकत्र येतात. कामाच्या शोधात निघालेल्या माणसाला मुंबईच्या अलीकडचे पहिले मोठे शहर लागते ते हेच. स्टेशनाबाहेर मजूर नाका आहे, थोड्या अंतरावर कृषी उत्पन्न बाजार समितीचा भाजीपाला-फुलांचा बाजार आहे आणि तिथली हमाली पहाटेच सुरू होते. ठाण्यात स्टेशन परिसर, जांभळी नाक्याची बाजारपेठ, वागळे इस्टेट आणि महामार्गावरचे सिग्नल ही अशीच ठिकाणे. ज्याची मजुरी पहाटे नाक्यावर उभे राहिल्यावर ठरते, तो नाक्यापासून दहा किलोमीटरवर झोपायला जाऊ शकत नाही. बेघरांसाठीची बहुतेक सरकारी ठिकाणे रिकामी पडतात त्याचे पहिले कारण हेच आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

कायद्याने काय द्यायचे, याबद्दल संदिग्धता उरलेली नाही. १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. पुढे अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, २०१०च्या कडाक्याच्या थंडीत दिल्लीत बेघरांचे मृत्यू झाल्यावर, न्यायालयाने मोठ्या शहरांसाठी मापच घालून दिले: दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचे एक निवारा केंद्र, चोवीस तास आणि बारा महिने उघडे. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच माप स्वीकारले, माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली आणि केंद्रे स्टेशन, बस आगार व बाजारपेठेच्या जवळ असावीत असे सांगितले. अंमलबजावणी रखडली म्हणून २०१६ साली न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली तपासणी समिती नेमावी लागली.

हे माप या दोन शहरांना लावून पाहावे. २०११ साली ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. म्हणजे ठाण्यात अठरा आणि कल्याण-डोंबिवलीत बारा, अशी तीस केंद्रे आणि तीन हजार माणसांची सोय. जागा लागते दीड लाख चौरस फूट. पन्नास माणसांचे केंद्र चालवायला अभियानाने वर्षाला सहा लाख रुपये धरले होते. त्या हिशेबाने तीन हजार जणांचा वार्षिक खर्च ३ कोटी ६० लाख होतो. महागाई धरून तो तिप्पट केला तरी अकरा कोटींच्या आत बसतो. दोन्ही महापालिकांची वार्षिक अंदाजपत्रके हजारो कोटींची आहेत. तेव्हा अडचण पैशाची आहे असे म्हणता येत नाही. खरी अडचण स्टेशनजवळच्या जागेची आहे. स्टेशनाजवळ मोकळा मिळणारा प्रत्येक गाळा वाहनतळाला किंवा दुकानाला दिला जातो. पालिकेच्या मंड्या, स्टेशन परिसराच्या विकास योजना आणि पटसंख्या घटल्याने रिकामे झालेले शाळांचे मजले यांत दर वेळी एक मजला निवाऱ्यासाठी राखण्याचा ठराव झाला, तर जागेचा प्रश्न निम्म्याने हलका होईल.

तरीही निवारा केंद्र हा पूर्ण उपाय नाही. एकट्या पुरुषाला ते चालते. नवरा-बायको आणि तीन मुले पुरुषांच्या दालनात राहू शकत नाहीत, आणि बायकांचे दालन वेगळे असले तर कुटुंब रोज संध्याकाळी तुटते. वयात आलेली मुलगी असलेली आई अनोळखी माणसांनी भरलेल्या दालनापेक्षा ओळखीच्या बिऱ्हाडांमधला पदपथ पसंत करते, आणि तिचा हा हिशेब चुकीचा नसतो. सामानाचाही प्रश्न आहे. चूल, भांडी, विक्रीचा माल, अंथरूण हे सगळे घेऊन केंद्रात जाता येत नाही. बाहेर ठेवले तर पालिकेची गाडी उचलून नेते. म्हणून केंद्रांत कुलुपाचे कपाट हवे, आणि कुटुंबांसाठी दालनांऐवजी खोल्या हव्यात.

त्याआधी कागदाचा अडसर दूर व्हायला हवा. रेशनकार्ड, बँकखाते, शाळेचा दाखला, दवाखान्याचा केसपेपर या प्रत्येक ठिकाणी पत्ता विचारतात. संजय गांधी निराधार योजनेतून महिना दीड हजार रुपये मिळतात. त्यासाठी पंधरा वर्षांच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा आणि वार्षिक २१ हजार रुपयांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. पंधरा वर्षे पुलाखाली काढलेल्या म्हाताऱ्या बाईने हा पुरावा कोणाकडून आणायचा? याचे उत्तर निवडणूक आयोगाने कधीच शोधून ठेवले आहे. बेघर मतदाराने अर्जात जी जागा लिहिली असेल, तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचे. माणूस खरोखर तिथे झोपतो असे दिसले तर पत्त्याच्या कागदाशिवाय नाव नोंदवायचे. मतासाठी जो पदपथ पत्ता म्हणून चालतो तो धान्यासाठी आणि निवृत्तिवेतनासाठीही चालायला हवा. हे राज्य सरकारच्या एका आदेशाने होऊ शकते आणि त्याला जमीनही लागत नाही. निवारा केंद्राचा पत्ता तिथल्या रहिवाशाला वापरता येईल, अशी सोय त्यालाच जोडता येते.

रस्त्यावरच्या काही माणसांना छपरापूर्वी उपचार हवे असतात. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार बेघर मनोरुग्णाला दारिद्र्यरेषेचे कार्ड नसतानाही मोफत उपचारांचा हक्क आहे, आणि भटकताना आढळलेल्या रुग्णाला संरक्षणात घेतल्यावर चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात पोचवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकलेली आहे. कल्याणच्या पुढे कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो रुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवले. त्या कामासाठी त्यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. केस वाढलेला, कचऱ्यात अन्न शोधणारा माणूस काही महिन्यांच्या औषधांनी आपल्या गावाचे नाव सांगू लागतो, हे या कामाने पुन्हा पुन्हा दाखवले आहे. ठाणे आणि कल्याणच्या लोहमार्ग पोलिसांपासून मनोरुग्णालयापर्यंतची साखळी नेमकी कोणी चालवायची हे ठरवून दिले, तर कायद्यातली ही तरतूद कामाला येईल.

भीक मागणे हा मात्र महाराष्ट्रात अजून गुन्हा आहे. १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याखाली माणसाला पकडून बेगर्स होममध्ये ठेवता येते. हाच कायदा दिल्लीत लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली. महाराष्ट्राने तसे करेपर्यंत बेघर माणूस सरकारी गाडी दिसली की पळणारच, मग ती गाडी मदतीची असली तरी.

ठाण्यातल्या तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली जे घडले ते या संपूर्ण प्रश्नाचा गाभा दाखवते. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी २०१६ साली पुलाखालीच, मालवाहू कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. या मुलांचे आईबाप बहुतांश पारधी, दुष्काळी भागांतून आलेले. इंग्रजांच्या कायद्याने त्यांच्या जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण पाल ठोकले की उठवायला येणारे हात गेले नाहीत. शाळेने मुले जिथे होती तिथे जाऊन त्यांना आंघोळ, जेवण आणि अक्षरे दिली आणि मुले दहावीपर्यंत पोचली. शाळा कामाच्या जागेला चिकटून काढली, म्हणून ती टिकली. घराच्या बाबतीत हेच तत्त्व मात्र कोणी लावले नाही. दिवसा शिकलेले मूल रात्री पुन्हा पुलाखालीच झोपते, कारण शहराकडे त्या कुटुंबाला देण्यासारखे मधले काही नाही. पदपथानंतर थेट मालकीच्या सदनिकेची योजना आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेतील म्हाडाची शिरढोण-खोणीची घरेही विकतचीच आहेत. त्यांची किंमत लाखांत असते आणि कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो. नाक्यावरच्या मजुराला तिथे अर्जसुद्धा करता येत नाही. त्याला परवडते ते महिन्याचे भाडे. खासगी चाळीत तेही अडते, कारण भाडे एक वेळ जमते, डिपॉझिट एकरकमी जमत नाही. शिवाय पारधी म्हटल्यावर खोली देणारा मालक मिळत नाही.

सार्वजनिक भाड्याची खोली ही या प्रदेशाला नवी गोष्ट नाही. १९२०च्या दशकात सरकारच्या मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्या, भाडे सरकारला. मराठी कामगारवर्गाच्या कित्येक पिढ्या त्याच खोल्यांतून शिकून बाहेर पडल्या. २००८ साली एमएमआरडीएने पुन्हा १६० चौरस फुटांच्याच भाड्याच्या घरांची योजना आणली. पण कल्पना मध्येच बदलली. घरांचा एक हिस्सा गिरणी कामगारांकडे वळला आणि ठाण्यात त्यांतली घरे धोकादायक इमारतींतून हलवलेल्यांची संक्रमण शिबिरे झाली. मूळ हेतू, म्हणजे गरिबाला कायमस्वरूपी भाड्याने घर, बाजूला पडला. कल्याण-डोंबिवलीत जवाहरलाल नेहरू अभियानातून झोपडपट्टीवासीयांसाठी बीएसयूपीच्या इमारती उभ्या राहिल्या. पात्र-अपात्रतेच्या याद्या घोळत राहिल्या आणि त्यांतली बरीच घरे वर्षानुवर्षे बंद राहिली. बंद घराच्या खिडक्या, नळ, वायरी चोरीला जातात आणि मग दुरुस्तीचा नवा खर्च निघतो.

अशाच रिकाम्या सरकारी घरांसाठी केंद्राने जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाल्यानंतर, परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना आणली. चंदीगड आणि सुरतेत पडून असलेली घरे तिच्याखाली भाड्याने गेली. २०२४ साली सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. म्हणजे पैसा येण्याची वाट खुली आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीने आपल्या ताब्यातल्या रिकाम्या घरांची यादी प्रसिद्ध करावी, त्यांतला ठरावीक हिस्सा कायम भाड्याने ठेवावा आणि तो कोणालाही मालकीने देता येणार नाही असे नियमातच लिहावे. डिपॉझिटच्या जागी पालिकेची हमी असावी. भाडे आठवड्याला घ्यावे, कारण मजुरी रोजची असते. वसुली आणि देखभाल महिला बचत गटांकडे किंवा बेघरांमध्ये आधीपासून काम करणाऱ्या संस्थांकडे द्यावी. स्टेशनपासून दूर असलेल्या संकुलाला पहाटेची परिवहनची बस जोडली नाही, तर ही घरेही रिकामीच राहतील.

फिनलंडने हा मार्ग पुरा करून दाखवला आहे. १९८०च्या दशकात तिथे वीस हजारांच्या आसपास बेघर होते. २००८ पासून सरकारने आधी घर, मग बाकीचे, असे धोरण घेतले: व्यसन सोडण्याची, नोकरी मिळवण्याची अट न घालता भाडेकरार द्यायचा आणि समाजसेवक घरीच पाठवायचा. हेलसिंकीतली निवारा केंद्रे फोडून त्यांच्या छोट्या भाड्याच्या सदनिका केल्या. २०२२ पर्यंत बेघरांची संख्या चार हजारांखाली आली. ठाण्याची लोकसंख्या, दारिद्र्य आणि जमिनीचे भाव वेगळे आहेत, त्यामुळे फिनलंडचा वेग इथे येणार नाही. तिथून क्रम मात्र घेता येतो. खोलीला कुलूप लागले की औषध नियमित होते, मुलाची शाळा सुटत नाही, रेशनकार्डाला पत्ता मिळतो.

आहेत त्या बेघरांची सोय होत असतानाच या शहरांत नवे बेघर तयार होतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले. २०१५ साली आठवड्याभराच्या अंतराने ठाकुर्लीची मातृछाया आणि नौपाड्यातली कृष्णा निवास पडली. दर पावसाळ्याआधी पालिका अतिधोकादायक इमारतींच्या नोटिसा लावते आणि रहिवासी हलत नाहीत; जायला जागा नसते आणि एकदा खोली सोडली की हक्क जाईल ही भीती असते. डोंबिवली परिसरात खोट्या परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवून ६५ इमारती उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथली कुटुंबे कर्जाचे हप्ते भरणारी, नोकरदार. पाडकाम झाले की तीही छपराविना उरतात.

इथेही उपाय तोच आहे. इमारत रिकामी करताना पालिकेने रहिवाशाला त्याच्या हक्काचे चौरस फूट नोंदलेले प्रमाणपत्र द्यावे आणि त्याच दिवशी भाड्याच्या खोलीची किल्ली. संक्रमणाच्या खोल्या आणि बेघरांच्या खोल्या यांचा साठा वेगळा ठेवावा लागेल. नाहीतर एमएमआरडीएच्या घरांचे झाले तसे होऊन एक गरजू दुसऱ्याची जागा घेतो. बेकायदा बांधकामाला जोत्याच्या पातळीवरच थांबवण्याची जबाबदारी प्रभाग अधिकाऱ्यावर नावानिशी टाकली, तर नवी भर कमी होईल. ही सगळी कामे आज मालमत्ता, समाजविकास, अतिक्रमण आणि आरोग्य अशा चार विभागांत विखुरलेली आहेत. ती एका हाती आणण्यासाठी दोन्ही महापालिकांत एक उपायुक्त, त्याच्या हाताखाली रिकाम्या घरांची यादी आणि दर हिवाळ्यात व पावसाळ्यात रात्रीची मोजणी, एवढी रचना पुरेशी आहे. मोजणीचा निकाल अंदाजपत्रकाच्या सभेपुढे ठेवणे बंधनकारक करावे लागेल.